वैराची घागर

निंबखेडे, ता. शहादे
११ जानेवारी १९३८

प्रिय मगन,

नंदुरबार स्टेशनावर तुझ्या बहिणीने माझ्या ओंजळीत पाणी ओतलं, त्याच घडीला माझं कॉलेज संपलं. मला ते कळायला दोन महिने लागले, एवढंच.

तू म्हणशील, गिरध्या पुन्हा पेटला. पेटलोच आहे. दिवाळीची सुटी संपवून आपण दोघं पुण्याला निघालो होतो. तुझी सगळी मंडळी तुला पोहोचवायला आली होती आणि मी ओळख नसल्यासारखा पलीकडच्या बाकावर बसलो होतो. गाडीला उशीर झाला. तुझी कमल तांब्या घेऊन सगळ्या उतारूंना पाणी देत फिरली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "पी ल्या भाऊ, लांब जानं शे." (भाऊ म्हणाली, ते मी धरत नाही. स्टेशनावर सगळेच भाऊ.) मग विचारलं, "कोठला शेतस?" मी म्हणालो, "नंदुरबारना." धडधडीत खोटं बोललो. निंबखेड्याचा म्हणालो असतो तर तिने तांब्या तिथेच पालथा केला असता.

तुमच्या सोनवाळीच्या घरचं पाणी आमच्या घरात सात पिढ्या कुणाच्या घशाखाली उतरलेलं नाही. मी प्यालो. तीन ओंजळी. काही झालं नाही, मगन. उलट्या झाल्या नाहीत, पितर उठले नाहीत. फक्त त्यानंतर मला दुसरं काही सुचेना.

परवा इतिहासाच्या तासाला सर सांगत होते की घराण्याघराण्यांची पिढीजात वैरं ही रानटी काळातली गोष्ट, आता ती फक्त पुस्तकात उरली. मी उभा राहून म्हणालो, "सर, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गोमाई नदीच्या काठी या, दोन काठांवरची दोन गावं गोफणीने दगड मारतात. येताना डोक्याला फेटा जाड बांधा." वर्ग हसला. सर म्हणाले, "बाहेर व्हा." मी झालो, तो थेट गावीच आलो.

ट्रंक आणि गादी तुझ्याकडे राहू दे. मी परत येणार नाही. मला कमलशी लग्न करायचं आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतो आहे.

तुझा,
गिरधर

---

पुणे
२० जानेवारी १९३८

प्रिय गिरधर,

तुझी ट्रंक उघडली. आत दोन धोतरं, एक फुटका आरसा आणि माझी बीजगणिताची वही. ती मी सहा महिने शोधत होतो. लग्नाचं नंतर बघू, आधी याचा जबाब दे.

आता नीट ऐक. तुला आठवतं, पहिल्या दिवशी खोलीत आपण एकमेकांना "तालुका?" विचारलं, "शहादे" म्हणून गळ्यात पडलो, आणि मग गावाची नावं सांगितल्यावर दोघंही आपापल्या खाटेवर जाऊन बसलो? शेवटी तू माझ्या डब्यातली शेव न विचारता खाल्लीस आणि म्हणालास, "दगड तिकडे टाकतात, इथे नाही." त्या दिवसापासून मला वाटतं की ते वैर नदीपाशीच राहतं, आपण बाहेर पडलो की सुटलो. पण तू तर ते मुळापासूनच उपटायला निघालास.

आमच्याकडे काय सांगतात ते तुला कधी बोललो नाही. आमचा मूळपुरुष आखाजीला लेकीची सोयरीक घेऊन तुमच्याकडे आला, जेवून तुमच्या ओट्यावर निजला आणि तुमच्या माणसाने झोपेत त्याचा गळा चिरला, असं आमच्याकडे सांगतात. दर आखाजीला पितरांच्या घागरींशेजारी त्याची एक वेगळी घागर भरतात. तिच्यातलं पाणी पितराला देत नाहीत, बदला झाला नाही म्हणून. ते गोफणीच्या दगडांवर ओततात. माझे वडील, आबा, दरवर्षी स्वतःच्या हाताने ओततात आणि त्या वेळी त्यांचा चेहरा मला बघवत नाही.

कमलला तुझं पत्र वाचून दाखवण्याइतका मी मूर्ख नाही. तिला एवढंच लिहिलं की स्टेशनावरचा तो पाणी पिणारा माझा मित्र होता आणि त्याने शिक्षण सोडलं. तिसरी शिकलेली पोरगी. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. "खरं गाव कोणतं ते मला तेव्हाच समजलं होतं, नंदुरबारचे लोक असे चोरासारखे पाणी पीत नाहीत."

तुझा,
मगन

---

निंबखेडे
१६ फेब्रुवारी १९३८

मगन,

समजलं होतं! आणि तरी तिसऱ्यांदा ओंजळ भरली! तुझं पत्र मी इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं.

आता त्याहून मोठी गोष्ट सांगतो. रूपसिंग भाट आला होता. तोच, जो चार-पाच वर्षांनी येऊन ओट्यावर बसतो, वही उघडून वंशावळ वाचतो आणि धान्य घेऊन जातो. तुमच्याकडेही तोच येतो. बांनी त्याला जेवू घातलं. मी म्हणालो, काका, वैराचं पान काढा.

आमच्यात सांगतात ते तुमच्या उलट आहे. आमचा पुरुष तुमच्याकडे सोयरीक घेऊन आला आणि तुम्ही त्याला मारलंत. म्हणून घागर आमच्याकडेही भरतात, पाणी आम्हीही दगडांवरच ओततो. अरे, दोन्ही घरं एकाच मेलेल्या माणसासाठी रडतात का? की दोन्हीकडचे मेले? रूपसिंगाने वाचलं त्यात दोघं मेले. एकाच आखाजीला, नदीच्या रेतीत, एकमेकांच्या हातून. आणि पुढची ओळ ऐक, ती मी उतरवून घेतली: "घागर रेतीत उतरली, गोफणी गळाल्या." म्हणजे त्या दिवशी कुणीतरी बाई भरली घागर घेऊन दोन्ही काठांच्या मधे उतरली आणि मारामारी थांबली.

मगन, हा रिवाज आहे! विसरला गेलेला, पण आपल्या वहीत लिहिलेला. भरली घागर मधे असताना कुणी गोफण फिरवणार नाही. या आखाजीला कमल घागर घेऊन उतरली आणि मी आमच्या बाजूने उतरून ती उतरवून घेतली, तर दोन्ही गावांदेखत पाणी घेतलं असं होईल. मग लग्नाला नाही म्हणायला तोंड कुणाला राहील?

गिरधर

---

पुणे
२ मार्च १९३८

प्रिय गिरधर,

परीक्षा तोंडावर आहे आणि मी पुस्तकात तुझ्या घागरी बघतो आहे.

एक गोष्ट मनात टोचते. रूपसिंगाने तीन वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावरही तेच पान वाचलं होतं. मी समोर बसलो होतो. त्यात घागर नव्हती. आमच्या पुरुषाने कसं झुंजत प्राण सोडला तेच होतं, आणि आबांनी खूश होऊन त्याला पागोटं दिलं. मी त्याला खोटा म्हणत नाही, पण ही ओळ तुमच्या ओट्यासाठीच लिहिली असेल तर?

म्हणून एक कर. तुमच्या गावातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना आधी विचार. घागर मधे आल्यावर दगड थांबतात असं त्यांनी बापा-आज्याकडून ऐकलं आहे का? त्यांनी हो म्हटलं तर मी घरी बोलतो. नाही म्हटलं तर हा विषय संपला. मग तू पुण्याला परत ये आणि परीक्षेला बस.

मगन

---

निंबखेडे
१७ एप्रिल १९३८

मगन,

विचारलं. दोघांना विचारलं. हो म्हणाले. त्यांच्या आज्याच्या तोंडी होतं म्हणाले. आता तरी उठ!

इथे माझा जीव जातोय. यंदा मला वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून पहिला दगड माझ्या हातून जावा असं बांनी ठरवलं आहे. लहानपणी ज्वारीवरची पाखरं उडवण्यात माझा हात गावात पहिला, म्हणून सगळ्यांना कौतुक. मी सांगितलं, गोफणीला हात लावणार नाही. बा बोलायचे थांबले आहेत. भिलादादा, आमचा थोरला, फक्त म्हणाला, "तुन्हा डोकामा कोनतं भूत शे रे?" मी म्हणालो, "तिकडलं शे." तो हसला. तो एकटाच अजून माझ्याशी हसतो.

तू गावी आला असशीलच. कमलला सांग, तिसऱ्या प्रहरी, दोन्हीकडची माणसं काठावर जमली की घागर घेऊन ये. मी तिला रेतीत भेटतो. नाही म्हणू नकोस. तू नाही म्हणालास तर मी एकटा पोहत येईन, आणि उन्हाळ्यात गोमाईला पाणी गुडघाभर असतं, तेव्हा ते फारच हास्यास्पद दिसेल.

गिरधर

---

सोनवाळी
२६ एप्रिल १९३८

प्रिय गिरधर,

आमच्या गच्चीवरून तुमच्या चुलीचा धूर दिसतो. आणि हे पत्र आधी शहाद्याला जाणार, मग दोधू टपालवाला सायकल ढकलत ते तुला तीन दिवसांनी देणार. या गावांना दुसरी काही शिक्षा नको.

म्हातारे हो म्हणाले ना? मग ठीक. मी मायजवळ बोललो. आबांशी बोलायचं धाडस नव्हतं. माय पापड लाटत होती. सगळं ऐकलं, एकदाही मान वर केली नाही. शेवटी विचारलं, "पोऱ्या खातापिता शे का बारीक शे?" मी म्हणालो बारीक आहे. म्हणाली, "मग सांजोऱ्या जास्ती करना पडतीन." गिरधर, माझ्या मायने, नर्मदाबाईने, निंबखेड्याच्या माणसासाठी सांजोऱ्या! तू समजू शकणार नाहीस. तिचा धाकटा दीर याच नदीकाठी तुमच्या दगडाने एक डोळा गमावून बसला.

कमलला तुझा निरोप दिला. तिने तांब्याची घागर चिंचेने घासून आरशासारखी केली आहे, आणि रोज परत घासते.

तिसऱ्या प्रहरी. मी कमलच्या मागे असेन. तू तुझा शब्द पाळ, गोफणीला हात लावू नकोस.

मगन

---

निंबखेडे
४ मे १९३८

मगन,

कशी आहे ती? काय झालं ते मला कळव. इथे कुणी खरं सांगत नाही. दगड बाईला लागला एवढंच म्हणतात. ती कमल नव्हती, वयस्क बाई होती म्हणतात. घागर घरंगळलेली मी लांबून पाहिली.

कुणाचा दगड ते मी पाहिलं नाही. एकदम पंचवीस गोफणी फिरत होत्या.

देवाशपथ लवकर लिही.

गिरधर

---

सोनवाळी
९ मे १९३८

गिरधर,

माय गेली. आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी. दगड कानामागे लागला होता. शुद्धीवर आली नाही.

कमल घागर डोक्यावर घेऊन निघाली होती. दारातच मायने ती तिच्या डोक्यावरून काढली. म्हणाली, "तू ऱ्हाय. मी जास. म्हतारी बाईवर कोन दगड फेकी?" मी तिच्या मागे दोन पावलांवर होतो. आमची माणसं काठावर उभी, आणि आम्ही त्यांच्या पाठीमागच्या उतारावरून खाली येत होतो. रेती तर लांबच राहिली. तुमच्या कुणाला ती दिसली असेल असंही मला वाटत नाही. माणसांच्या डोक्यावरून तो दगड आला. आवाज झाला नाही. घागरीचाच आवाज झाला.

मी तुझ्यापासून एक लपवलं होतं, ते आता सांगतो. कमलचं लग्न दोंडाईच्याकडे ठरत आलं होतं. आखाजीनंतरच्या बुधवारी सुपारी फुटणार होती. ते तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस कोण जाणे, म्हणून मी बोललो नाही. आणि म्हणूनच घाई केली. भाटाच्या ओळीवर माझा पुरता भरवसा कधीच नव्हता. तुझ्या म्हाताऱ्यांच्या शब्दावर मी मायला उतारावर नेलं. रात्रंदिवस तेच दिसतं.

आखाजीच्या दगडाची फिर्याद कुणी फौजदाराकडे नेत नाही, तुला माहीत आहे. ज्याचं मेलं त्याने आपल्या हाताने फेडायचं. तुमच्या भिलाने गावात उघड सांगितलं की दगड त्याचाच. तू गोफणीला हात लावणार नव्हतास, मग एवढ्या लांब टाकणारा हात दुसऱ्या कुणाचा असेल असं मलाही वाटलं नाही. शुक्रवारी तो पेरणीसाठी बैल बघायला बाजाराला निघणार हे इकडे कळलं आहे. आबा आणि दोघे चुलतभाऊ वाटेवर बसणार आहेत. धाऱ्या-कोयत्यांना धार लावून झाली. मीही जाणार आहे. हे तुला का लिहितो आहे ते मला ठाऊक नाही. पुण्यात एका खोलीत राहिलो म्हणून असेल. यापुढे लिहिणार नाही.

 कमल काल एवढंच म्हणाली, "त्यासले इचार, दगड कोना व्हता."

मगन

---

निंबखेडे
१२ मे १९३८, गुरुवार

मगन,

तुझं पत्र दोधूने आत्ता दिलं. उद्या शुक्रवार. टपालाने हे तुला वेळेवर मिळणार नाही, म्हणून मी स्वतः घेऊन येतो आहे. मी तोंडाने सगळं सांगू शकेन की नाही याचा भरवसा नाही, म्हणून लिहितो. पूर्ण वाचून मग काय करायचं ते करा.

भिलाचा दगड नव्हता.

मी सकाळपासून गोफणीला हात लावला नाही. काठावर हात बांधून उभा राहिलो. कमलची वाट बघत होतो. तिसरा प्रहर झाला, ती येईना. आमच्यातले ओरडायला लागले, "जवाई शे हाऊ त्यास्ना! हात कसा उचली?" मी ऐकून घेतलं. मग बा जवळ आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "शिकीसन बाई व्हई ग्या का रे? मन्हा पोटले तू कसाले उना?" आणि त्यांनी त्यांची गोफण माझ्या पायाशी टाकली.

मगन, मी रागावलो. दुसरं काही कारण नाही. मला नंतर वाटलं की मी प्रेमापोटी हे केलं, त्यापोटी ते केलं. पण त्या क्षणी फक्त राग होता. मी गोफण उचलली. कुणाला लागू नये एवढी शुद्ध मात्र होती. म्हणून माणसांवर न टाकता त्यांच्या डोक्यावरून, मागच्या मोकळ्या उतारावर टाकला. आखाजीला त्या उतारावर कुणी नसतं. बायका त्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. तिथे एक बाई येणार होती, आणि तिला मीच बोलावलं होतं. दगड सुटल्यावर हे मला आठवलं. सुटल्यावर. तेवढ्यात ऊन घागरीवर चमकलं.

आणि म्हातारे. मी कुणालाही विचारलं नव्हतं. एकाकडे गेलो होतो. तो गुरांना पाणी पाजत होता, म्हणून दारातून परतलो. परत गेलो नाही, कारण तो नाही म्हणाला असता तर? मला ते नाही ऐकायचं नव्हतं. तू तुझ्या घाईचं बोलतोस. तुझी घाई माझ्या खोट्यावर उभी होती. मायला उतारावर तू नेलं नाहीस.

भिला शेजारीच उभा होता. त्याने पाहिलं. रात्री गावाने पंचायत भरवली, बाई मेली तर कुणीतरी पुढे यायला हवं म्हणून, तेव्हा तो उठला. मी गोठ्यात त्याला पकडलं. म्हणाला, "तू चूप ऱ्हाय. मन्हं लगीन व्हयेल शे, पोर शे. मन्हं नाव गया तरी मांगे काही ऱ्हाई. तुन्हं ते अजून काहीच व्हयेल नही." आणि मी चूप राहिलो. दहा दिवस. भाकरी खाल्ली, झोपलो, तुला लिहिलं की मी पाहिलं नाही. त्याची चार वर्षांची पोर माझ्या मांडीवर बसून जेवते. तिच्याकडे बघतानाही मी चूपच राहिलो.

आज सकाळी भिला नवीन दोर वळत बसला होता, उद्याच्या बैलांसाठी. त्याला वाटेवरच्या धाऱ्यांचं काही माहीत नाही. त्याला सांगितलं तर तो तरीही जाईल, आणि बा वीस माणसं सोबत देतील. मग तुमच्याकडचेही दोन पडतील, आणि दोन्ही घरांत आणखी घागरी भरतील. तसं नको. तुम्हाला एक माणूस हवा आहे. तो मी आहे, आणि मी येतो आहे. सोबत कुणी नाही, हातात काही नाही. नदी ओलांडून तुमच्या त्याच उतारावरून वर येईन, म्हणजे आबांना शोधावं लागणार नाही.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तर ती घेऊन मी जगू कसा ते मला कळत नाही. फक्त भिलाला सोडा. आणि तू वाटेवर जाऊ नकोस, मगन. तू त्या खोलीत परत जा, शिक्षण पुरं कर. आपल्या दोन गावांतून एक तरी माणूस पुढे जाऊ दे.

कमलने विचारलं आहे, तिला पुस्तकी भाषेत उत्तर देत नाही. तिला सांग, दगड मन्हा व्हता.

तुमच्या दारात मी पाणी मागणार नाही. ते मी एकदाच प्यालो, आणि त्याची किंमत तुझ्या मायने दिली.

बा ओटीवर झोपले आहेत. माझी माय आत धान्य निवडत बसली आहे. तिने विचारलं, "कोठे चालना ऊनमा?" मी म्हणालो, "आत्तेच येस." खोटं बोलायची सवय जाता जात नाही.

या शेवटच्या ओळी बाहेर उभा राहून, फळीवर कागद टेकवून पेन्सिलीने लिहितो आहे. अक्षर वाकडं येतंय. दार मी ओढून घेतलं आहे.

गिरधर